कधी वाजते?

जुनी गाडी घेताना माणूस तिचा रंग पाहतो, टायरची झीज पाहतो, बॉनेट उघडून आपल्याला त्यातले बरेच कळते असा चेहरा करतो आणि आजवर किती किलोमीटर धावली ते विचारतो. कानाने मात्र ती सहसा कोणी पारखत नाही. वास्तविक आम्ही कोकणातली माणसे वाजवून पाहण्यात पटाईत. फणस तयार झाला की नाही ते त्याच्यावर बोटे मारून ठरवायचे, नारळ कानाशी धरून हलवायचा, टिचकी मारल्यावर मडके बद्द वाजले तर ते मुकाट्याने परत ठेवायचे, हे शिक्षण आम्हाला शाळेत जाण्याआधीच मिळालेले असते. असे असूनही गुहागरच्या एका सज्जन गृहस्थांकडून 2014 सालची, 72 हजार किलोमीटर धावलेली लहान पेट्रोल गाडी घेताना मी ती चालवून पाहिली ती रेडिओ लावून.

धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवली, वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरलो आणि दापोलीच्या रस्त्याला लागल्यावर रेडिओची खरखर वाढली म्हणून तो बंद केला. तेव्हा तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. पुढून, बहुधा डावीकडून, एकच ‘टक्’. कोणी दाराची कडी एकदा वाजवावी आणि मग संकोचाने गप्प उभे राहावे तसा. मी थांबून खाली वाकून पाहिले. गाडीखाली जे दिसले ते सगळे मला सारखेच संशयास्पद वाटले.

घरी आल्यावर डिकी रिकामी केली, तेव्हा स्टेपनीच्या कडेला अडकलेला एक नारळ निघाला. तो त्या गृहस्थांच्या आगरातला असणार. आवाजाचा उगम सापडला म्हणून सर्वांना आनंद झाला, नारळाची सोलकढी झाली आणि दोन दिवस मला खरोखरच आवाज ऐकू आला नाही. आपण समजूत करून घेतली की कान किती आज्ञाधारक होतात, याचा तो नमुना होता. तिसऱ्या दिवशी हर्णैच्या बाजाराला जाताना ‘टक्’ परत आला. शिवाय नारळ मागे होता आणि आवाज पुढे येत होता, एवढे साधे गणित घरातल्या चार शहाण्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते.

त्यानंतर मते गोळा झाली. शेजाऱ्यांनी स्टिअरिंगवर संशय घेतला, मेहुण्याने इंजिनच्या फाउंडेशनवर. एका गॅरेजात डावे चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी गदगदा हलवले, काही सापडले नाही, आणि काही सापडले नाही त्या अर्थी पुढचे दोन्ही शॉकअप गेले असणार, असा निकाल मिळाला. अंदाजपत्रक पाहून मी चहा न घेताच निघालो.

शेवटी ज्यांच्याकडे गेलो ते मेस्त्री वयस्कर, आणि बोलणे मोजके. मी डाव्या हाताने दिशा दाखवत सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “कुठं वाजतं ते राहू द्या. कधी वाजतं ते सांगा.” गाडीचे सगळे अंग पत्र्याचे असल्यामुळे आवाज त्यातून कुठच्या कुठे जातो, आणि डाव्या चाकाशी निघालेला ठोका बसणाऱ्याला उजव्या पायाशीही ऐकू येऊ शकतो, म्हणून जागेबाबत कानावर विसंबू नये, वेळेबाबत मात्र तो बहुधा चुकत नाही, असे त्यांचे म्हणणे. मला वेळ सांगता येईना. “मग चार दिवस ऐका आणि या,” असे म्हणून ते पुन्हा एका रिक्षाखाली शिरले. दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाला अभ्यास देऊन परत पाठवणारा कारागीर मी प्रथमच पाहत होतो.

ते चार दिवस मी गाडी अशी चालवली की मागून येणारे मला नवशिका समजले असतील. गाडी उभी ठेवून इंजिनचा वेग वाढवला तेव्हा आवाज आला नाही. म्हणजे टॅपेट, बेअरिंग आणि इंजिनमधली इतर भीतिदायक मंडळी सुटली, कारण त्यांचा ठोका इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, त्याला रस्ता लागत नाही. मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फेऱ्या मारल्या; ॲक्सलचा सांधा झिजला असता तर तिथे ओळीने टकटक झाली असती, ती झाली नाही. खडबडीत रस्त्यावर ब्रेकला हलका पाय लावून पाहिला. ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ढिला असेल तर ब्रेक लागताच तो गप्प बसतो, पण आमचा आवाज ब्रेकला जुमानत नव्हता. खरी गंमत पुढे होती. गतिरोधक सरळ ओलांडला तर गाडी अवाक्षर काढत नसे आणि डांबर उखडून जांभा वर आलेल्या जागी एकच चाक उतरले, की ‘टक्’. मोठ्या आदळण्याला गप्प आणि लहानशा खळग्याला बोलणार, हा स्वभाव मला माणसांत ठाऊक होता, यंत्रात नव्हता.

हे ऐकून मेस्त्री हसले आणि “लिंक रॉड,” एवढेच म्हणाले. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक वाकवलेली पोलादी सळई आडवी बसवलेली असते. वळणावर गाडी एका अंगावर फार झुकू नये, हे तिचे काम. तिची दोन टोके वीत-दीड वीत लांबीच्या दोन दांड्यांनी चाकांच्या बाजूला जोडलेली असतात, ते लिंक रॉड. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम वर आली, की सळई नुसती आपल्या बुशांमध्ये, म्हणजे तिला धरणाऱ्या रबरी कड्यांमध्ये, फिरते आणि लिंक रॉडवर फारसा भार येत नाही. एकच चाक वर किंवा खाली गेले, की ती पिळली जाते, सगळा ताण त्या दांड्यांच्या बॉल जॉइंटवर येतो, आणि रबरी टोपी फाटून आत लाल धूळ व पावसाचे पाणी गेलेले असेल, तर झिजलेला गोळा आपल्या वाटीत आपटतो. जॅकवर हे का सापडले नव्हते, तेही मग उमगले. एक चाक उचलल्याबरोबर सळई पिळली जाते, सांधा एका बाजूला ताणून बसतो आणि त्याची ढिलाई लपते.

मेस्त्रींनी चाके जमिनीवरच राहतील अशी गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी केली, खाली उतरून डाव्या लिंक रॉडवर बोटे टेकवली आणि पोराला गाडी आडवी हलवायला सांगितले. मग त्यांनी माझी बोटे तिथे धरली. जो आवाज महिनाभर माझ्या डोक्यात होता तो बोटांना लागला. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बदलायला तास पुरला, आणि खर्च त्या अंदाजपत्रकाच्या मानाने इतका किरकोळ होता की मी परत दोनदा विचारून घेतला.

पुढच्या आठवड्यात गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 वरची एक सही राहिल्यामुळे गुहागरला जावे लागले. फेरीबोटीच्या लोखंडी पट्ट्यावरून गाडी निमूटपणे चढली. त्या गृहस्थांच्या घराकडे वळणारी वाट अरुंद, एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, आणि फाटकाशी गटारावरचा चिरा निखळून झालेला एक खळगा. आत शिरायचे तर उजवे चाक फरशीवरून आणि डावे त्यातून, दुसरा मार्गच नाही. मी गाडी बाहेरच ठेवली. सही झाली, कोकम सरबत झाले आणि नारळाची गोष्ट ऐकून ते मनापासून हसले. निघताना त्यांनी आपल्या नव्या गाडीत बसून ती आत-बाहेर करून दाखवली. “बघा, जरासुद्धा वाजत नाही,” ते म्हणाले, आणि तिचे डावे चाक त्या खळग्यात उतरले.