सुईच्या बंदुकीच्या गावी: झ्योमर्डा आणि एक दिवस नेमबाजीचा

जर्मनीतील एअरफुर्टहून उत्तरेकडे जाणारी स्थानिक रेल्वे साधारण अर्ध्या तासात झ्योमर्डाला पोहोचते. योहान निकोलाउस ड्रायझ यांचा जन्म १७८७ साली याच गावी झाला आणि १८४१ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने स्वीकारलेली, जमिनीवर पालथे पडूनही भरता येणारी सुईची बंदूक त्यांनी येथेच घडवली. ड्रायझ-हाउसमधील संग्रहालय सकाळीच पाहून घ्यावे; वेळा मात्र आदल्या दिवशी तपासाव्यात.

दुपारी एका नेमबाजी क्लबमध्ये, आधी पत्रव्यवहार करून ठरवल्याप्रमाणे, काडतुसे वळायला बसलो. कोकणातील ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना दारू, गोळी आणि टोपी या तीन वेगळ्या वस्तू ठाऊक असतात. येथे त्या तिन्ही एकाच कागदी वेष्टनात असतात. मागे काळी दारू, तिच्यापुढे कागदाच्या लगद्याचा दट्ट्या, दट्ट्याच्या दारूकडील तळाशी टोपीचे काम करणारी स्फोटक टिकली आणि पुढच्या खोबणीत ओकच्या फळाच्या आकाराची शिशाची गोळी. चाप ओढला की लांब सुई कागद भेदून, दारूचा संपूर्ण थर ओलांडून टिकलीवर आदळते. नळीचा व्यास १५.४३ मिलिमीटर आणि गोळीचा १३.६ मिलिमीटर असल्यामुळे गोळी नळीच्या आतील, फिरकी देणाऱ्या पिळदार चरांना स्पर्शच करत नाही. तिला फिरकी मिळते ती दट्ट्याकडून. म्हणूनच सारा नेम त्या लगद्यावर अवलंबून असतो, आणि माझ्या मते या बंदुकीची खरी कारागिरी पोलादाइतकीच या कागदात आहे. टिकली बसवण्याचे काम परवानाधारक यजमानांनी स्वतःकडेच ठेवले होते. पाहुण्याने त्याचा आग्रह धरू नये. दोन तासांत माझी आठ काडतुसे झाली आणि त्यांपैकी दोन, दट्ट्या सैल असल्यामुळे, त्यांनी बाजूला काढली.

मग उरलेली काडतुसे घेऊन नेमबाजीला उभे राहिलो, तेव्हा चौथा बार उडाला नाही. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच रोखून पूर्ण मिनिटभर थांबावे, बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, लगेच उघडू नये. सुईचे टोक काजळीने माखून वाकले होते. दर बाराला ती पेटत्या दारूत राहत असल्याने हे अटळच आहे, आणि त्यासाठीच प्रशियाचे सैनिक सुट्या सुया जवळ बाळगत असत. मागच्या सांध्यातून गरम वायूही निसटतो, त्यामुळे संरक्षक चष्म्याशिवाय गाल दस्त्याला टेकवू नये. फ्रान्सने १८६६ च्या शास्पो रायफलमध्ये या गळतीसाठी रबराची चकती बसवली.

जर्मनीत १८७१ पूर्वीच्या रचनेची सुईची बंदूक प्रौढ व्यक्तीला परवान्याशिवाय घेता येते. काळ्या दारूसाठी मात्र स्वतंत्र परवाना लागतो. चालू स्थितीतील बंदूक परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही, आणि उरलेली काडतुसे यजमानांकडेच सोडावीत, विमानाच्या सामानात तर कधीच ठेवू नयेत. मूळ बंदुकीतून बार काढण्यापूर्वी जाणकार कारागिराकडून ती तपासून घ्यावी, आणि त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तिला तेल लावावे, कारण काळ्या दारूची राख ओल धरते.

नेमबाजी थांबल्याची सूचना मिळाल्यावर पुढच्या गवतात दट्टे अवश्य शोधावेत. ज्यांवर चारही चरांचे ठसे स्वच्छ उमटलेले असतात, ती काडतुसे नीट वळली गेली असे समजावे. माझ्या हाती असे तीन लागले.