मँचेस्टरचं १८३० चं रेल्वे गोदाम: ओओ स्केल (१:७६) मॉडेल, खालचा मजला उभा राहिला

मंडळी, लिव्हरपूल रोडच्या गोदामाचं काम एकदाचं हललं. सनबोर्डचा (हलक्या फोम-शीटचा) सांगाडा उभा राहिलाय, विटांचा कागद एका बाजूला चिकटवून झालाय.

नवीन मेंबर्ससाठी थोडक्यात, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १५ सप्टेंबर १८३० ला सुरू झाली, आणि त्याच वर्षी मँचेस्टरच्या टोकाला हे गोदाम अवघ्या काही महिन्यांत बांधून काढलं, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या २३ वर्षं आधी. जगातलं पहिलं रेल्वे गोदाम म्हणतात ते हेच. तेव्हा रेल्वेचा मालधक्का कसा असावा हे कुणालाच माहीत नव्हतं, मग त्यांनी सरळ कालव्याकाठच्या गोदामांची पद्धत उचलली. रूळ उंचावर, रस्ता खाली, त्यामुळे वाघिणी वरच्या मजल्यात शिरणार आणि घोडागाड्या खालच्या मजल्यावर लागणार, मधे माल चढवायला-उतरवायला हॉइस्ट (माल वर-खाली ओढणारी यारी). आधी ते हातानं ओढायचे, १८३१ पासून वाफेच्या इंजिनावर.

मॉडेलची खरी मजा (आणि डोकेदुखी) वरच्या मजल्यात आहे. रूळ भिंतीला समांतर आणि दारं भिंतीत, म्हणजे प्रत्येक वाघीण छोट्या टर्नटेबलवर (रुळांसकट फिरणाऱ्या थाळीवर) काटकोनात फिरवून आत ढकलायची. कापसाच्या गाठी भरलेल्या लाकडी इमारतीत ठिणग्या उडवणारं लोको कोण नेणार! मी औषधाच्या बाटल्यांची झाकणं टर्नटेबल म्हणून वापरलीयत, खाली बॉलपेनच्या रिफिलचा पिव्होट, वर पितळी रूळ. मोटर नाही लावणार, तिथेही माणसंच फिरवायची, त्यामुळे बोटानं फिरवणं एकदम प्रोटोटाइपला (म्हणजे मूळ गोदामाला) धरून आहे 😄

आतलं पण दाखवणार आहे. खालच्या मजल्यावर बिडाचे खांब, वर सगळं लाकूड, मधे आग पसरू नये म्हणून विटांच्या आडव्या भिंती. बिडाच्या खांबांना टूथपिक चालतात, काळा रंग मारून वर थोडी ग्रॅफाइट पावडर घासली की झालं.

कापूस बहुतेक अमेरिकेचा, पण १८६१ ला तिकडे यादवी सुरू झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबईहून कापूस जहाजं भरभरून गेला, त्याच पैशानं मुंबईत शेअरचा फुगा फुगला आणि १८६५ ला फुटला. तो आखूड धाग्याचा कापूस तिकडच्या कामगारांना मुळीच आवडायचा नाही, तरी मी एका वाघिणीत आपल्याकडच्या गाठी ठेवणारच, हौसेला मोल नाही. काळ मात्र गडबडेल, कारण शेजारी उभं राहणारं रॉकेट (स्टीफन्सनचं वाफेचं इंजिन) १८२९ चं. बघू, शोकेसमधे कोण विचारतंय.

बाकी इतिहास असा की पॅसेंजर १८४४ लाच व्हिक्टोरिया स्टेशनला गेले, गोदामाला लागून असलेलं हे लिव्हरपूल रोड स्टेशन मालासाठी राहिलं ते थेट १९७५ पर्यंत. नंतर कौन्सिलनं नाममात्र एका पौंडाला घेतलं आणि १९८३ ला तिथे म्युझियम सुरू झालं, तारीख मुद्दाम १५ सप्टेंबर. मला वाटतं माल वाहत राहिलं म्हणूनच ते वाचलं, पॅसेंजर स्टेशन असतं तर तीनदा पाडून बांधलं असतं.

आता छप्पर. स्लेटच्या पट्ट्या लेझरनं कापून घेणं परवडत नाही, हातानं कापायच्या तर ड्रॉइंग शीट बरी की पत्रिकेचा जाड कागद? फेविकॉलनं वाकत नाही असा कुठला ते सांगा, पावसाळ्यात माझ्याकडे सगळंच वाकतं.