आमची वाटचाल : पप्पांचं ट्रेडल, पुराचं पाणी आणि देवाचा पुरवठा

छापखाना पप्पांनी सांगलीत चालू केला, एक ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईचं मशीन), एक कटिंग मशीन आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस एवढ्यावर. आम्ही मिरजेचे, आजोबा तिथल्या मिशन हॉस्पिटलच्या नोकरीसाठी आले आणि तिथलेच झाले. नंतर मी मिनी ऑफसेट घेतलं, लग्नपत्रिका, बिलबुकं, वर्गणीची पावती पुस्तकं, चर्चची वार्षिक पत्रकं, सगळं चालू होतं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही, काम होतं, पैसे येत होते. सांगायचंय ते २०१९ चं.

सांगलीत राहणाऱ्याला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचे फूट तोंडपाठ असतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं होतं आणि आमच्या दुकानात गुडघाभर आलं होतं. त्यानंतर गावातल्या प्रत्येक दुकानदाराने भिंतीवर २००५ ची रेघ मारून ठेवली आणि सगळा माल त्या रेघेच्या वर. आम्ही पण तेच केलं, कागदाच्या रीमा माळ्यावर, ऑफसेट चांगल्या उंच ओट्यावर. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोयनेचा विसर्ग, वर धो धो पाऊस, खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण (त्यावर सांगलीत आजही भांडणं होतात, मी पडत नाही त्यात) आणि पाणी ५७ फुटांच्या पुढे. रेघ कुठल्या कुठे राहिली. आत माणूस उभा केला तर छातीच्या वर पाणी.

पाणी उतरल्यावर शटर वर केलं तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. ऑफसेटची मोटर गेलेली, पॅनल बोर्डमध्ये चिखल, रोलर फुगलेले, छपाईचं रबरी ब्लँकेट सुटलेलं, बेअरिंगला दोन दिवसात गंज. छापून तयार असलेल्या पत्रिकांचा लगदा झालेला. खिळ्यांच्या लाकडी केसेस उलट्यापालट्या होऊन सगळे खिळे चिखलात एकत्र. माळ्यावरच्या रीमा तेवढ्या वाचल्या, त्या पण दमट होऊन कडेला वळलेल्या.

इन्शुरन्स होता. बँकेचं कर्ज असल्याने घ्यावाच लागला होता. सर्व्हेअर आला, फोटो काढले, सह्या घेतल्या, आणि नंतर पत्र आलं की तुमच्या पॉलिसीत एसटीएफआय नाही. म्हणजे वादळ, पूर, पाणी शिरणं हे कव्हर. ते एजंटने प्रीमियम कमी बसवायला काढून टाकलेलं, आम्हाला न सांगता. आग लागली असती तर पैसे मिळाले असते, आमच्याकडे पाणी आलं. नदीकाठच्या गावात आगीचा विमा! आजही तो माणूस रस्त्यात दिसला की मी गाडी दुसऱ्या गल्लीत घालतो. तुमच्यापैकी कोणाचं दुकान, गोडाऊन असेल तर आत्ता उठा आणि कपाटातली पॉलिसी काढून एसटीएफआय हा शब्द शोधा, बाकी लेख नंतर वाचा.

आणि त्याच आठवड्यात आमचा स्पर्धक. नाव घेत नाही, तो आमच्याच मशीनवर शिकलेला, शाई कुठली आणि पाणी किती हे त्याला पप्पांनी शिकवलं. त्याने विश्रामबागेकडे उंचावर प्रेस टाकला होता, त्याला पाण्याचा थेंब लागला नाही. त्याबद्दल तक्रार नाही, पण त्याने आमच्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन केले, "त्यांचं संपलं आता, माझ्याकडे टाका." दिवाळीच्या जाहिरातींचं काम गेलं, दोन शाळांच्या प्रगतिपुस्तकांचं काम गेलं, एका पतसंस्थेची सगळी स्टेशनरी गेली. पुरात बुडालेल्या माणसाला फोन करून तू कसा आहेस विचारायचं सोडून त्याची यादी घेऊन बसायचं, हे पप्पांनी शिकवलं नव्हतं.

त्या रविवारी चर्चमध्ये उपासनेत पाळकसाहेबांनी श्रीरामपूरची गोष्ट सांगितली, नगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातलं नाही, बंगालमधलं. मिशनरी विल्यम कॅरी आणि त्यांच्या सोबत्यांचा तिथला छापखाना, १८०५ ला मराठीचं व्याकरण जिथून छापून निघालं तोच. ११ मार्च १८१२ ला त्याला आग लागली. कागद, खिळे, कित्येक वर्षांची हस्तलिखितं जळून गेली. पण अक्षरांचे ठसे आणि साचे ढिगाऱ्यात शाबूत सापडले, वितळलेलं शिसं गोळा करून परत खिळे ओतले आणि काही महिन्यात छपाई चालू. बाकीच्यांनी आमेन म्हटलं, मी मात्र मनात हिशोब करत बसलो की शिसं. आपलं शिसं कुठं गेलंय? ते तर चिखलात आहे, पण आहे.

दुसऱ्या दिवशी ट्रेडलकडे नीट बघितलं. बिडाचा सांगाडा, त्याला काय होणार. रोलर रबरी होते म्हणून टिकले, जुने सरसाचे असते तर विरघळून गेले असते. डिझेलने धुतलं, बुशिंगमध्ये तेल सोडलं, मोटरचा पट्टा काढला आणि पायाने मारलं तर चाक फिरलं! लाईट नव्हती, पण ट्रेडलला लाईट कशाला पाहिजे. चर्चच्या मंडळीतल्या बायका आणि तरुण संघाची पोरं येऊन बादल्यांमध्ये खिळे धूत बसली. अक्षर उलटं असतं त्यामुळे घ आणि ध ची इतकी सरमिसळ झाली की पहिलं प्रूफ वाचून आम्ही पोट धरून हसलो, त्या पुरात पहिल्यांदा.

पण काम कोण देणार? पवित्र शास्त्रात एलीया संदेष्टा ओढ्याकाठी लपलेला असताना कावळे त्याला भाकरी आणून देतात. आमचा कावळा एम-८० गाडीवरून आला, डोक्याला पांढरी टोपी. मार्केट यार्डातले हळदीचे आडते अण्णा, पप्पांच्या वेळेपासून त्यांची पट्टीबुकं (शेतकऱ्याला मालाच्या हिशोबाची पट्टी देतात ती) आमच्याकडेच. अण्णा दारात उभे राहून म्हणाले, "काय मालक, बुडालं म्हणत्यात तुमचं?"

मी म्हटलं, "अण्णा, ऑफसेट बंद आहे, ट्रेडलवर होईल पण अक्षर जुन्या वळणाचं येईल."

"शेतकरी पट्टीवरचा आकडा बघतोय, अक्षराचं वळण नाही. कधी देताय?"

"कागदाला पैसे..."

त्यांनी खिशातून बंडल काढलं, सगळे पैसे आगाऊ, पावती पण मागितली नाही. मी म्हणालो देवानेच पाठवलं तुम्हाला, तर म्हणतात, "तुमचा देव आन् आमचा देव बघून घेतील आपसात, तुम्ही बुकं छापा." आणि जाताना आणखी तीन आडत्यांना सांगून गेले. माळ्यावरच्या त्या वळलेल्या रीमा, रोज लागेल तेवढ्या काढून वजनाखाली ठेवल्या, आणि त्याच कागदावर पट्टीबुकं गेली. दुकानभाडं निघालं, दोन्ही कामगारांचा पगार निघाला, उरलं काहीच नाही पण कमी पण पडलं नाही. घरचे म्हणायचे, शास्त्रातल्या सारफथच्या विधवेच्या मडक्यातल्या, कधी न संपणाऱ्या पिठासारखं झालंय आपलं.

तरी त्या वर्षी मी देवाशी खूप भांडलो. प्रामाणिक धंदा केला, चर्चला कमाईचा दशांश दिला, मग आमचाच क्लेम का अडकला? क्लेम आला असता तर मी लगेच चार रंगी मोठं मशीन बुक करणार होतो, कोटेशन पण आणून ठेवलं होतं, वरची रक्कम कर्जाने. सगळा भरवसा लग्नाच्या सीझनवर. आणि मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. पत्रिका शून्य, लग्नं ५० माणसात, नंतर तर व्हॉट्सअ‍ॅपवरच फोटो टाकून आमंत्रण. त्या मशीनचा हप्ता मी कुठून भरला असता सांगा? तेव्हा मला एजंटचं नाही पण देवाचं थोडं कळलं. एजंटला त्याचं श्रेय मी देणार नाही. लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे पट्टीबुकं आणि मिरजेच्या दवाखान्यांचे केसपेपर, औषधाची पाकिटं एवढंच काम होतं आणि ते रिपेअर केलेल्या जुन्या मिनीवर आरामात बसत होतं.

नवीन पोरांना एक सांगतो, विचारलं नाही तरी. जुनं मशीन भंगारात घालू नका. ऑफसेट, डिजिटल सगळं घ्या, पण नंबरिंग, परफोरेशन (फाडायची भोकांची रेघ), क्रीझिंगला (घडीची रेघ) ट्रेडल अजून कामाला येतं. आणि गिऱ्हाइकाची जात, धर्म, पार्टी बघून रेट लावू नका. उधारी मात्र वहीत लिहा, प्रार्थनेत आठवून उपयोग नाही.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा मोटर आणि पॅनल आधीच सोडवून वर नेलं होतं, पॉलिसीत एसटीएफआय होतं. स्पर्धकाकडे ट्रेडल नाही, त्यामुळे त्याची पावती पुस्तकं नंबरिंगला हल्ली आमच्याकडेच येतात. पाळकसाहेब म्हणाले मनापासून क्षमा करा. केली. रेट सगळ्यांना तोच त्याला, फक्त त्याला उधार नाही, पैसे आधी ठेवायचे आणि मग चाक फिरणार.