तुम्ही विचारलंत म्हणून: ही जादू कुणाच्या नावे?

"हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून?" हा प्रश्न मला तीन सुरांत विचारला जातो. शाळकरी मुलं खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारतात. माझ्या वयाच्या बायका जरा काळजीने विचारतात, म्हणजे घरी सगळं ठीक आहे ना, अशा अर्थाने. नात्यातल्या पुरुषांचा जोर 'सुचतं' वर नसतो, 'हे सगळं' वर असतो. पाठोपाठ पुढचा प्रश्न येतोच: रोज लिहिता का, किती वाजता, हाताने की कॉम्प्युटरवर? मागे इथे बडोद्यात, दांडिया बाजारात एका छोट्या कार्यक्रमात हे दोन्ही प्रश्न एकदम आले. वेळ संपत आली होती, बाहेर चहाचे कप वाजत होते. "बस, सुचतं," म्हणून मी उठले. ते उत्तर खोटं होतं. वाटेत रिक्षातच वाईट वाटलं.

मी अद्भुत कादंबऱ्या लिहिते. त्यांत पाऊस पाडणाऱ्या राण्या असतात, लाकडाची विमानं असतात, नाक्यावर जकात घेणाऱ्या मगरी असतात. त्याआधी बत्तीस वर्षं मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली. लोकांना वाटतं, आकड्यांतून सुटले आणि कल्पनेत शिरले. खरं सांगायचं तर मी अजून तेच काम करते, फक्त कारखाना बदललाय.

सुरुवात कुठे झाली ते मला पक्कं आठवतं. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे. निळा देवमासा, लांबी सत्तर फुटांच्या वर. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहत आलेला. बडोद्याच्या प्रत्येक मुलाला एकदा तरी त्याच्यापुढे उभं करतात. मला आजोबांनी केलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. बाकीची मुलं 'केवढा मोठा' म्हणत होती. मी विचारलं, "याचं मांस कुठे गेलं?"

आजोबा जरा थांबले. मग म्हणाले, "कुणीतरी साफ केलं असणार ना."

घरी येईपर्यंत मी त्या 'कुणीतरी'चाच विचार करत होते. एवढा मोठा मासा; किती माणसं लागली असतील, किती दिवस लागले असतील, ती माणसं रात्री जेवायला बसली तेव्हा घरातल्यांनी नाक धरलं असेल का? देवमासा मला दिसला तेवढाच. आजतागायत डोक्यात राहिली ती ती माणसं. माझ्या सगळ्या पुस्तकांचा उगम विचाराल तर तो हा. अद्भुत काही दिसलं की मला त्यामागे राबणारं कोण, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

आता सवयींचं. मी दुपारी लिहिते, दोन ते चार. पहाटे उठून लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण आमच्या घरात पहाट ही पाणी भरण्याची वेळ आहे. दुपारी मात्र बडोदं झोपतं. जुन्या शहरातली बरीच दुकानं अर्धं शटर ओढून घेतात, पोळीत कुत्रंही भुंकत नाही. (पोळ म्हणजे आमच्याकडे गल्ली. पुण्याची भाची दर वेळी मला दुरुस्त करते आणि मी दर वेळी विसरते.) जेवणाच्या टेबलावरची प्लास्टिकची जाजमं गोळा करायची आणि बसायचं. रोज दोन पानं झाली तर मी स्वतःवर खूश असते. शून्य झालं तरी चार वाजता उठते, कारण चारला दूधवाला येतो.

लिहिते ते चोपड्यात. लाल कापडी बांधणीची ती लांबट वही. दिवाळीच्या आधी मांडवीच्या बाजूला व्यापारी चोपडे घ्यायला येतात, तेव्हा मीही दोन घेते. पहिल्या वर्षी दुकानदाराने विचारलं, "बेन, शेनो धंधो?" मी म्हटलं, "विमानांचा." त्याने मान डोलावून बिल केलं. बडोद्यात धंद्याबद्दल कुणी जास्त चौकशी करत नाही.

एक चोपडा गोष्टीचा आणि दुसरा तिच्या कीर्दीचा, म्हणजे रोजच्या जमाखर्चाचा. रोजकीर्दीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. माझ्या कीर्दीतही तसंच. गोष्टीत कुणाला जादूने काही मिळालं की ते डावीकडे लिहायचं आणि उजवीकडे ते कुणाच्या नावे पडलं ते. उजवी बाजू रिकामी असेल तर ते प्रकरण पुढे सरकवायचं नाही, एवढा एकच नियम मी पाळते.

दुसऱ्या कादंबरीत राणीने तीन गावांवर अवकाळी पाऊस पाडला. प्रसंग मला फार आवडला होता, लिहूनही सुरेख झाला होता. डावीकडे झोकात लिहिलं: 'पाऊस, गावं तीन.' उजवीकडे काही सुचेना. अन्नधान्याचं नुकसान, पूर, देवांचा कोप वगैरे लिहून खोडलं. ते सगळं पुस्तकी वाटत होतं. दोन महिने तसेच गेले. मग एका दुपारी लिहिलं, 'कुंभारांच्या नावे.' आवा पेटलेला असताना पाऊस आला, आवा विझला, मडकी अर्धकच्ची राहिली, हंगाम गेला. एवढी एक ओळ पडल्याबरोबर त्या गावातली कुंभारीण उठून उभी राहिली आणि राणीच्या वाड्याकडे चालायला लागली. पुस्तकाचा पुढचा निम्मा भाग तिचा आहे. वाचकांची पत्रं येतात तीही तिच्याबद्दल. राणीबद्दल आजवर एकही आलेलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

विमानांबद्दल फार विचारतात, म्हणून तेही सांगते. ती माझी नव्हेत. धारच्या भोजराजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' नावाचा अकराव्या शतकातला वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. तो १९२४-२५ साली आमच्या बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत दोन भागांत छापला गेला. माझं संस्कृत शाळेपुरतं. शेजारच्या निवृत्त शिक्षकांना पुढ्यात बसवून मी त्यातला यंत्रांचा अध्याय वाचून घेतला. हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करायचा, त्याच्या पोटात पारा आणि पाऱ्याखाली अग्नी ठेवायचा. तापलेल्या पाऱ्याच्या जोरावर तो माणसाला घेऊन आकाशात जातो. दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या आहेत. दारात उभे राहून आगंतुकाला अडवणारे लाकडी द्वारपाल आहेत. आणि हे सगळं सांगताना भोज म्हणतो की यंत्रं जोडायची कशी हे मी सांगितलेलं नाही, ते गुप्त राहावं म्हणून. मला ठाऊक नाही म्हणून नव्हे.

मास्तर गंभीरपणे अर्थ सांगत होते आणि मला हसू आवरेना. बत्तीस वर्षांत स्टोअरवाल्यांकडून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! माल कुठे गेला ते सांगता येतं साहेब, पण गुप्त आहे.

तो पक्षी खरंच उडाला का, यावर लोक तावातावाने भांडतात. माझं त्यात मन रमत नाही. मला ती तेलाची बाहुली जास्त आवडली. ती दिव्यात तेल घालते, मान्य. पण बाहुलीत तेल कोण घालतं? म्हणजे रोज संध्याकाळी एक माणूस बुधला घेऊन येत असणार, बाहुली भरत असणार आणि निघून जात असणार; मग पाहुणे येऊन 'काय चमत्कार!' म्हणत असणार. माझ्या तिसऱ्या कादंबरीचा नायक हाच बुधलेवाला.

निवडलेल्या मुलाची गोष्टही अशीच. आमच्या प्रकारात ती फार चालते: खेड्यातला पोरगा, अचानक दूत येतात, तू राजा आहेस म्हणतात. बडोदेकरांना ती नवी नाही. मालेगावजवळच्या कवळाण्याहून १८७५ साली तीन मुलांना इथे आणलं, कशासाठी आलात म्हणून विचारलं, आणि बारा वर्षांच्या गोपाळाने "राज्य करायला" असं सांगितलं, ही गोष्ट आम्हाला दुधाबरोबर पाजलेली असते. तोच पुढे सयाजीराव. सांगणारे त्या उत्तरापाशी थांबतात, टाळ्या पडतात. माझं लक्ष पुढच्या सहा-साडेसहा वर्षांकडे जातं. गादीवर बसलेल्या या मुलाला लिहितावाचता येत नव्हतं. त्याला मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी चारही शिकायच्या होत्या. इलियट नावाचा इंग्रज शिक्षक नेमला गेला, आणि कारभार हाती आला तो १८८१ च्या डिसेंबरात. कादंबरीत हा मुलगा तिसऱ्या प्रकरणात तलवार उपसतो. इथे तो बाराखडी गिरवत होता, आणि त्याच्याहून लहान मुलांना ती आधीच येत होती. त्याच राजाने १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा त्याला स्वतःची पाटी आठवली असेल असं मला उगाच वाटतं. हा भाग मी अजून लिहिलेला नाही. मुलाला तलवार न देता चारशे पानं वाचकाला धरून ठेवायचं बळ अजून अंगात आलेलं नाही.

मगरींचं मात्र मी काहीही केलेलं नाही. विश्वामित्री पावागढाच्या डोंगरातून येते, शहराच्या मधून जाते आणि तिच्यात मगरी राहतात. पुलावरून जाताना काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा त्या रस्त्यांवर आल्या. एक आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरांच्या मध्ये. पाणी ओसरत होतं, सगळे जिन्यात उभे. प्राणी पकडणारी दोन पोरं आली, कॉलेजची असतील. एकाने मागून ओलं गोणपाट तिच्या डोळ्यांवर टाकलं. "आंख ढांकी दो एटले शांत," तो आम्हाला शिकवल्यासारखं म्हणाला, आणि खरंच ती गप्प झाली. मग त्याने जबड्याला साधी दोरी गुंडाळली. मी जिन्यातून विचारलं, एवढ्याशा दोरीने भागेल का? तो म्हणाला, काकी, तिची ताकद तोंड मिटायची. उघडायचे स्नायू अगदी कमजोर. म्हणून दोरी पुरते.

त्याच पुरानंतर बडोद्यातली दोन पोरं मगरीला स्कूटरवर आडवी घेऊन वन खात्याकडे चालली आहेत, असा व्हिडिओ फिरला होता. तुम्हीही पाहिला असेल. मी असं लिहिलं असतं तर संपादकांनी नक्की काढून टाकायला लावलं असतं.

त्या पुरात माझं एक नुकसान झालं. तळमजल्यावरच्या ट्रंकेत अकरा चोपडे होते. लाल कापडाचा रंग सुटून पानं गुलाबी झाली आणि फाउंटन पेनाची शाई निळ्या ढगासारखी पसरली. गच्चीवर दोऱ्या बांधून मी आणि ह्यांनी पानं चिमट्यांनी वाळत घातली. शेजारच्या लीलाबेन म्हणाल्या, कपड्यांपेक्षा तुमच्या कविताच जास्त. कविता नाहीत, म्हणून सांगत बसले नाही. वाळल्यावर वाचता आलं ते फक्त पेन्सिलीने लिहिलेलं: बेरजा, आणि समासातल्या स्वतःला घातलेल्या शिव्या. तेव्हापासून मी सगळं पेन्सिलीने लिहिते. कुणी त्यात शैली वगैरे शोधू नये.

नकाशाही गेला. माझ्या राज्याचा नकाशा शाईने काढलेला होता, नऊ वर्षं वापरलेला. आठवून पुन्हा काढला तेव्हा नदी गावाच्या पश्चिमेकडून निघून थेट बाजाराच्या मधून जायला लागली. आधीच्या दोन पुस्तकांशी ते जुळत नाही. एका चोखंदळ वाचकाने पत्राने कळवलंही. मी त्याला उत्तर लिहिलं की त्या वर्षी नदीने पात्र बदललं, आणि कीर्दीत डावीकडे नदी, उजवीकडे कापडवाल्यांची सोळा दुकानं लिहून टाकली.

सध्या चालू आहे ते त्या 'कुणीतरी'चं पुस्तक. सहा-सात वर्षांची होते तेव्हापासूनचं हे देणं आहे. समुद्रकाठी एक घराणं आहे, मरून वाहत आलेले राक्षस साफ करून हाडं राजाच्या संग्रहाला देणारं. त्यांच्या हाताचा वास तीन पावसाळे जात नाही, म्हणून लग्नं आपसातच होतात. काल दुपारी त्या घरात बाहेरगावची सून आली. सासूने तिला खोबरेल तेलाची वाटी दिली, कोपरापर्यंत चोळ म्हणाली, आणि किनाऱ्यावर घेऊन गेली. राक्षस अजून ताजा होता. सून त्याच्या डोळ्यापाशी उभी राहिली, डोळा तिच्याहून उंच. तिने पदर खोचला आणि विचारलं, "आधी कुठून सुरू करायचं?"

इथपर्यंत आले आणि दूधवाल्याने बेल वाजवली.