तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीचं पॉलिश हाताने की मशीनने?

पार्किंगमधे माझ्या हातात बादली दिसली की कोणीतरी हे विचारतंच, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नुसती चमक हवी असेल, म्हणजे वॅक्स लावायचं असेल, तर हातच बेस्ट. मशीन घेऊन खर्चात पडू नका. पण उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल गोल बारीक ओरखडे दिसतात ना, ते घालवायचे असतील तर हाताने घासून दंड तेवढे दुखतील, ओरखडे जिथल्या तिथे. कारण आजूबाजूचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून ओरखड्याच्या तळापर्यंत आणावा लागतो, आणि हाताचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही, बोटं टेकतात तिथे जास्त, मधे काहीच नाही.

आता हा क्लिअर कोट असतो साधारण 40-50 मायक्रॉन, केसापेक्षाही पातळ, आणि पुन्हा काही उगवत नाही, त्यामुळे दर दिवाळीला रबिंग पॉलिश, म्हणजे हाच थर घासणारं पॉलिश, करून घेणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. वॉशिंग सेंटरवाला बहुतेक रोटरी मशीन वापरतो, ती एका जागी गरगर फिरते, जागा तापते, आणि बोनेटच्या धारेवर जरा जास्त थांबली की पेंट गेलाच म्हणून समजा. घरी करणार असाल तर डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्या. ती फिरता फिरता हलते पण, आणि फार दाबलं तर फिरणं थांबतं, म्हणून पेंट जळायची भीती बरीच कमी. पॅडमागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवा, रेघ फिरताना दिसली नाही की समजायचं आपण उगाच जोर लावतोय. गाडी सावलीत, पत्रा गार, धारांवर मास्किंग टेप. हँडलमागच्या खोबणीत नखांचे ओरखडे असतात तिथे मशीन जातच नाही, तिथे हातानेच जमेल तेवढं.

जुनी पद्मिनी किंवा साध्या, म्हणजे मेटॅलिक नसलेल्या रंगातली जुनी मारुती 800 असेल तर फडक्याला गाडीचाच रंग लागेल, घाबरू नका, त्यावर क्लिअर कोटच नसतो. पण हात आवरता घ्या.

आणि मुळात हे ओरखडे येतात कुठून, तर रोज सकाळी धुळीवर फिरणाऱ्या कोरड्या फडक्यातून! सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या दादांना दोन चांगले मायक्रोफायबर आणून द्या आणि आधी पाणी मारायला सांगा, नाहीतर मशीनने केलेलं सगळं काम महिन्याभरात पाण्यात.