ज्वारीच्या पिठातली मुळाक्षरे

इंग्लंडमधील लेस्टर येथे माझी मुलगी गेल्या सप्टेंबरात रिसेप्शनच्या, म्हणजे तिथल्या शाळेच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गात जाऊ लागली, तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. तिथे अक्षरे ए, बी, सी या क्रमाने शिकवत नाहीत, याचे मला नवल वाटले. आधी एस, ए, टी, पी आणि मग आय, एन. तेही अक्षराचे नाव न सांगता केवळ त्याचा उच्चार, कारण एवढ्या सहा अक्षरांत मुलांना ‘टॅप’, ‘पिन’, ‘सॅट’ असे शब्द लगेच जुळवता येतात.

सहा आठवड्यांच्या सुट्टीत आम्ही सोलापूरला आलो, तेव्हा मी मोठ्या हौसेने अंकलिपी विकत आणली. तीस वर्षे बालवाडीत शिकवलेल्या माझ्या आईने मात्र ती मिटवून ठेवली. ‘अ’ हे पहिले अक्षर असले तरी कोवळ्या बोटांना ते फार अवघड जाते, असे तिचे म्हणणे. तिने परातीत ज्वारीचे पीठ पसरले आणि नातीचे बोट धरून ग, म, न ही अक्षरे गिरवून घेतली, कारण तिन्ही शेवटी उभ्या दांडीवर येऊन थांबतात. त्यांना ‘र’ मिळाला आणि चौथ्या दिवशी पोरीने ‘गगन’, ‘नमन’, ‘नगर’ लिहिले. लेस्टरच्या बाईंची आणि माझ्या आईची कधी भेट झालेली नाही, तरी दोघींची रीत एकच निघाली, याचा मला फार आनंद झाला.

खरी अडचण पाटीवर आली. इंग्रजी अक्षरे रेघेवर बसतात आणि आपली शिरोरेषेला लोंबतात. त्यामुळे मुलगी अक्षर खालच्या रेघेवर टेकवून वर रिकामी जागा सोडू लागली. आईने तिला अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी दाखवल्या. “बघ बाळा, चादर दोरीला टांगतो ना, तसं अक्षर टांगायचं. जमिनीवर ठेवायचं नाही.” त्या दिवसापासून अक्षरे वर सरकली, पण शिरोरेषा नको तिथे तुटू लागली आणि ‘घर’चे ‘धर’ झाले. घ आणि ध, म आणि भ यांच्यातला फरक समजावण्यात आमचा अख्खा आठवडा गेला, आणि तो जायलाच हवा होता.

‘ल’ आणि ‘श’ यांविषयी मी स्वतः आग्रही आहे. २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपे ठरवली, तरी माझ्या फोनवर हिंदी वळणाचीच अक्षरे उमटतात. म्हणून ही दोन अक्षरे आईने स्वतःच्या हाताने वहीत काढून दिली. ती वही आम्ही सोबत आणली आहे.

परवा व्हिडिओ कॉलवर मुलीने पाटी समोर धरली, तिच्यावर ‘घर’ लिहिले होते. फोनमध्ये तिला स्वतःची अक्षरे उलटी दिसली आणि ती रडवेली झाली.

“मला सरळ दिसतंय गं,” आई तिकडून म्हणाली, “आणि रेघही कुठे तुटलेली नाही.”