जर्मनीची पावडर मागू नका, आधी आपलं पाणी बघा

सुट्टीत जर्मनीतल्या म्युनिकहून परभणीला यायचं ठरलं की घराघरातून यादी येते. चॉकलेटं, क्रीम, आणि गेल्या काही वर्षांपासून कपड्यांची पावडर. मामींनी तर फोनवर सरळच विचारलं, "तिकडचे कापडं इतके पांढरेशुभ्र कामून राहू लालेत? आमचे तर चार धुण्यात पिवळे पडू लालेत. एखादा पुडा आण की येताना." आणायला काही हरकत नाही. पण त्या पुड्यानं परभणीतले कपडे म्युनिकसारखे निघतील असं मला वाटत नाही, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगायचं आहे. कारण आपल्या बायका धुण्यावर जेवढी मेहनत घेतात, तेवढी इथं कोणीच घेत नाही. त्या मेहनतीचं फळ मिळायला पाहिजे.

म्युनिकचं पाणी गोड लागतं, पिण्याला उत्तम, पण धुण्याच्या दृष्टीनं ते जडच, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार जास्त. शहराचं बरंचसं पाणी मांगफाल नदीच्या खोऱ्यातून येतं, आल्प्सच्या पायथ्याच्या चुनखडीतून झिरपून. किटलीच्या बुडाला पांढरा थर धरतो, नळाच्या तोंडाला खडे जमतात, अगदी आपल्या बोअरच्या पाण्यासारखं. म्हणजे इथले कपडे पाणी चांगलं आहे म्हणून पांढरे राहतात, असं नाही. पाणी जड आहे हे इथल्या प्रत्येक घराला माहीत असतं, आणि त्या हिशोबानं पावडर टाकली जाते.

इथं पावडरीच्या खोक्यामागं एक तक्ता छापलेला असतो. आडव्या ओळीत पाणी: मऊ, मध्यम, कठीण म्हणजे जड. उभ्या ओळीत मळ: कमी, साधारण, जास्त. साडेचार किलो कोरड्या कपड्यांना किती पावडर, ते तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत आकड्यात दिलेलं. आपल्या भागाचं पाणी कोणत्या गटात बसतं, हे पाणी पुरवणाऱ्या संस्थेला लोकांना कळवावंच लागतं, तसा कायदा आहे. जडपणा इथं जर्मन अंशांत मोजतात: 8.4 अंशांच्या खाली मऊ, 14 च्या वर कठीण. आपल्या मोजमापात सांगायचं तर लिटरमागं साधारण 150 मिलिग्रॅम चुन्याच्या क्षारांच्या खाली मऊ आणि 250 च्या वर कठीण. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं, असं आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी बोअरवर ही चालवून घेण्याचीच वेळ असते. आणि आपल्या पुड्यावर बहुधा एका बादलीला किती चमचे एवढंच लिहिलेलं. बादलीत नळाचं पाणी आहे, बोअरचं आहे की टँकरचं, हे त्या चमच्याला कसं कळणार?

आपल्या भागात पाणी कधी एक नसतंच. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. साधं वर्ष असलं तरी दिवाळीपर्यंत विहिरीचं, फेब्रुवारीनंतर बोअरचं आणि एप्रिल-मेमध्ये टँकरचं, असं तीन तऱ्हेचं पाणी एकाच घरात येतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार खडकातून विरघळून येतात, आणि उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की बोअरला मचूळपणा वाढतो. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, ते पाणी धुण्यालाही जड. ही पारख आपल्या आज्यांना होती. फक्त डाळीला वेगळं पाणी ठेवायचं तसं धुण्याच्या पावडरीचं माप बदलायचं, हे कोणी सांगितलं नाही, कारण तेव्हा पावडरच नव्हती. रिठे होते, वडीचा साबण होता. आपल्या देशात सर्फ 1959 ला आलं आणि निरमा 1969 ला.

जड पाण्यात नेमकं होतं काय? साध्या साबणाचा चोथा होतो, तो कपड्यावर चिकटतो. पावडरीचा चोथा होत नाही, पण तिचा पहिला हिस्सा मळ काढण्याऐवजी क्षारांशी झुंजण्यात खर्च होतो. माप कमी पडलं तर सुटलेला मळ पाण्यात तरंगत राहतो आणि परत कपड्यावर बसतो. पांढरे कपडे राखाडी होतात ते यामुळं. स्वस्त पावडरीत बरीचशी मदार धुण्याच्या सोड्यावर असते. सोडा क्षार काढतो खरा, पण त्यांचा चुना करून काढतो, आणि तो चुना धाग्यात अडकतो. टॉवेल वाळल्यावर पापडासारखा कडक होतो ना, तो हाच चुना. मामींचे कपडे पिवळे पडतात त्याचं निम्मं उत्तर या जड पाण्यात आहे, पावडर कोणत्या देशाची यात नाही.

पूर्वी क्षार धरून ठेवायला पावडरीत फॉस्फेट घालत. त्यानं कपडे फार छान निघायचे, पण ते पाणी नदी-तळ्यात गेलं की शेवाळ माजायचं. युरोपीय संघात 2013 च्या जूनअखेरपासून घरगुती कपड्यांच्या पावडरीत फॉस्फेटवर कडक मर्यादा आहे. त्याच्या जागी झिओलाइट नावाचं खनिज वापरतात. ते कॅल्शियम आपल्यात ओढून घेतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, चुना होऊ देत नाही. आपल्याकडंही चांगल्या पावडरींत ते असतं. पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा, दुकानदाराला विचारा. जाहिरातीतल्या शुभ्र सदऱ्यापेक्षा ही बारीक अक्षरं जास्त खरं सांगतात.

आता निवडीचं. इथं दुकानात मुख्य तीन प्रकार. पांढऱ्यासाठी पूर्ण पावडर, रंगीतासाठी वेगळी, आणि लोकर-रेशमासाठी नाजूक द्रव. फरक नुसता खोक्याच्या रंगाचा नाही. पांढऱ्याच्या पावडरीत ऑक्सिजन सोडणारं ब्लीच असतं, आणि कपडे डोळ्याला उजळ दिसावेत म्हणून चमक आणणारं एक द्रव्य. रंगीताच्या पावडरीत ही दोन्ही नसतात, उलट एका कपड्याचा सुटलेला रंग दुसऱ्यावर बसू नये म्हणून वेगळा पदार्थ असतो. ब्लीच घातलेली पावडर ही कल्पना जर्मनीचीच. पर्सिल 1907 मध्ये ड्युसेलडॉर्फला निघालं, आणि त्याचं नावच परबोरेट आणि सिलिकेट या दोन घटकांवरून बांधलेलं आहे. तोवर कपडे कुरणावर पसरून उन्हात उजळवत.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब्लीच पावडरीतच टिकतं, बाटलीतल्या द्रवात ते घालत नाहीत. म्हणून पांढरे सदरे, धोतरं, चादरी, टॉवेल द्रवानं धूत राहिलं तर ते हळूहळू मळकट होतात. स्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही इथली ग्राहकांसाठी मालाची परीक्षा घेणारी संस्था वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहे, की पांढऱ्याला पावडर. आपल्याकडं हल्ली शहरात द्रव वापरणं जरा वरच्या दर्जाचं समजलं जातं. रंगीत साड्यांना, ड्रेसला ते चांगलंच, पावडरीचे पांढरे डाग राहत नाहीत. पण आजोबांच्या धोतराला नको.

नीळ आणि ती चमक आणणारी द्रव्यं यांचं नातं जवळचं आहे. नीळ पिवळेपणावर हलका निळा रंग चढवते, डोळ्याला पांढरं दिसतं. चमकद्रव्य उन्हातले न दिसणारे किरण घेऊन निळसर प्रकाश परत सोडतं. दोन्हींत मळ तिथल्या तिथं राहतो. नीळ घालायला माझी ना नाही, सणावाराला निळीचा सदरा दोरीवर डोलताना बघून मलाही बरं वाटतं. पण आधी कपडा स्वच्छ निघू द्या, मग नीळ. आणि मोतिया, बदामी, फिकट गुलाबी कपड्यांना चमकवाली पावडर लावू नका, त्यांचा मूळ रंग जातो.

एका बाबतीत मराठवाडा म्युनिकच्या पुढं आहे, आणि ते कोणी मोजत नाही. ते म्हणजे गरम पाणी आणि ऊन. पावडरीतले एन्झाइम घाम, दूध, डाळ, भात यांचे डाग तोडतात, आणि त्यांना कोमट पाणी मानवतं. इथं नळाचं पाणी बर्फासारखं, मशीन वीज जाळून ते 40 अंशांवर नेतं. आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी तसंच कोमट उतरतं. त्या पाण्यात पावडर आधी पूर्ण विरघळू द्या, मग कपडे तासभर भिजवा. घासायला निम्मं बळ लागेल. घासण्यानं मळापेक्षा कॉलर लवकर विरते. मात्र रक्त, अंडं, दूध यांचा ताजा डाग आधी गार पाण्यातच धुवायचा, गरम पाण्यानं तो पक्का बसतो.

हळदीचं तर सगळ्यांना ठाऊक आहे, साबण लागला की पिवळा डाग लाल होतो आणि बाई घाबरते. घाबरायचं कारण नाही. सोडा, साबण असं अल्कली लागलं की हळदीतलं कर्क्युमिन रंग बदलतं, डाग वाढलेला नसतो. नीट धुऊन कपडा ओला असतानाच कडक उन्हात टाकला की कर्क्युमिन उन्हानं फिकं पडतं. वसमतच्या हळदीच्या बाजारात काम करणाऱ्यांचे सदरे याच उन्हावर निघतात. म्युनिकमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी कपडे घरातल्या घरात, रेडिएटरजवळच्या जाळीवर वाळतात. त्या दिवसांत आमटीचा डाग पडला तर डाग काढायच्या ऑक्सिजनवाल्या पावडरीत भिजवून ठेवावं लागतं, आणि तरी त्याची पिवळी सावली बरेचदा वसंतापर्यंत राहते. वेळ अमावस्येला शेतात जेवताना भज्जी सांडली तरी दुसऱ्या दिवशीच्या उन्हात डाग उतरतो, ही श्रीमंती इथं बसून फार जाणवते. फक्त रंगीत कपडे उलटे करून सावलीत घाला. ऊन हळदीचा रंग खातं, तसा साडीचाही खातं.

काळ्या मातीच्या चिखलाला पाणी घाई करून लावू नका. वाळू द्या, झटका, ब्रशनं काढा, आणि मग भिजवा. ओला चिखल चोळला की बारीक माती धाग्यात शिरते.

पैठणी, हिमरू, घरातली रेशमी लुगडी यांच्या जवळ नेहमीची पावडर नेऊच नका. रेशीम आणि लोकर ही दोन्ही प्रथिनं आहेत, आणि पावडरीतलं जे एन्झाइम घामाची प्रथिनं तोडतं, ते रेशमालाही सोडत नाही. जरीकाठाची पैठणी ड्रायक्लीनला द्या. साध्या रेशमाला गार मऊ पाणी आणि रिठे, आणि पिळायचं नाही. इथं लोकरीसाठी जो खास द्रव मिळतो त्यातही ते एन्झाइम टाळलेलं असतं. रिठ्यांवर आपल्या घरात एवढा भरवसा का होता, त्याचं उत्तर मला इथल्या दुकानात बाटलीमागचं वाचताना मिळालं.

मशीनबद्दल थोडक्यात. समोरून दार असलेल्या मशीनला हाताच्या धुण्याची पावडर घालू नका. फेस जास्त झाला की कपडे आपटत नाहीत, मळ सुटत नाही, खंगाळायला पाणी जास्त लागतं. ज्या घरात पाण्याचा टँकर मोजून येतो, तिथं हे परवडणारं नाही. फेस म्हणजे स्वच्छता ही समजूत आपल्यात फार खोल आहे. इथल्या मशीनमध्ये काचेतून बघितलं तर फेस दिसतोही नाही, पावडरीत तो दाबणारा पदार्थच घातलेला असतो. टॉवेलला मऊ करणारं कंडिशनर नको, त्याचा थर बसून टॉवेल पाणी टिपत नाही. त्याऐवजी शेवटच्या खंगाळण्यात बादलीला चमचाभर लिंबूसत्व विरघळवा. अडकलेला चुना सुटतो आणि टॉवेल मऊ होतो.

पण लिंबूसत्व आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र करू नका. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर तर मुळीच नाही, विषारी वायू सुटतो. क्लोरीन ब्लीचबद्दल आणखी एक सांगणं आहे. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर या ब्लीचनं ते गंजासारखं कपड्यावर बसतं. पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस-पिवळे ठिपके आले आणि आणखी ब्लीच घातल्यावर वाढले, असं ज्यांच्याकडं होतं त्यांनी ब्लीच थांबवावं आणि ठिपक्यांना लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवावं. मामींच्या घरचे ठिपके याच जातीचे दिसतात. त्यांना मी ऑक्सिजनवाली पावडर घ्यायला सांगितलं आहे, आणि ती परभणीतही मिळते.

पावडरीचं माप मात्र स्वतःच ठरवावं लागेल. बोअरचं पाणी असेल तेव्हा पुड्यावरच्यापेक्षा थोडं जास्त, नळाचं येईल तेव्हा पुड्याइतकं. आणि पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस पत्रे धुऊन गेले की पन्हाळीखाली टाकी लावा. ते पाणी सगळ्यात मऊ असतं, त्याला निम्मी पावडर पुरते. चादरी, गोधड्या, बाळंतिणीचे आणि तान्ह्या बाळाचे कपडे त्याच पाण्यात काढा.